सवाष्णीची मूठ

तुळजाच्या लग्नाचा मांडव उतरवला, त्याच्या आठव्या दिवशी सटवाजी पलटणीत गेला. ते साल निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पन्नास, इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीस. तुळजा त्याची पाठची बहीण, तिला कंधारकडं दिली होती. घरातलं शेवटचं कार्य उरकलं, आता आपण मोकळे, असं सटवाजी चारचौघांत म्हणायचा. केवळाबाई, त्याची बायको, हे दाराआडून ऐकायची.

देवणीच्या बैलबाजारात त्या उन्हाळ्यात भरतीवाले येऊन बसत. त्यांना बंदूकवाल्यांपेक्षा जनावराची पारख असलेले गडी हवे होते. सटवाजी बैलाचं तोंड उघडून वय सांगायचा ते बघून त्यांनी त्याला विचारलं, "खेचराचं सांगशील का?" हा म्हणाला, "खेचर म्हंजे कोण? बाप गाढव, आई घोडी. सांगंन की." सगळे हसले आणि ह्याचं नाव लिहून घेतलं.

निघताना त्यानं केवळाला एवढंच सांगितलं, "तीन साल म्हंजे काय गं? तीन पेरण्या. तिसऱ्या पेरणीचं पीक दारात यायच्या आत मी दारात."

केवळानं ते मनात धरलं. तिचं साल तेव्हापासून पेरणीनं मोजलं जाऊ लागलं.

घरात दोघीच राहिल्या, ती आणि सासू चतुराबाई. लेकरू नव्हतं. चतुराबाई विधवा होऊन वीस वर्षं झाली होती. बोलायला कमी, चालायला ताठ. पहिल्या मिरगाला गडी बघायला गेल्या तर गावात गडी नाही. निम्मे तरणे नांदेडला गिरणीत गेले होते. तिथं पलटणीसाठी खाकी कापड विणायला तीन-तीन पाळ्या चालू होत्या. उरलेल्यांना आपापलीच शेतं आवरत नव्हती.

"तू धर तिफण," चतुराबाई म्हणाली.

"मी? आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"लोक पेरायला येत असतील तर म्हणू दे."

त्या गावची रीत अशी, की पेरणीची पहिली मूठ सवाष्णीच्या हातून पडायची. तिनं तिफणीला हळदकुंकू लावायचं, चाड्यात, म्हणजे तिफणीच्या डोक्यावरच्या लाकडी वाडग्यात, पहिलं बी सोडायचं आणि बाजूला व्हायचं. पुढची पेरणी पुरुषाची. विधवेनं तर त्या दिवशी धुऱ्याबाहेर, शेताच्या बांधापलीकडं, उभं राहायचं. केवळानं पहिली मूठ सोडली आणि बाजूला झाली नाही. तशीच बैलांमागं चालत राहिली. डाव्या हातात कासरा, उजवी मूठ चाड्यावर. बैलांनी आधी दोनदा थांबून मागं वळून बघितलं. मग त्यांनीही सोडून दिलं.

त्या पेरणीत तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या गेल्या. मूठ फिरवताना काच चाड्याच्या लाकडावर आपटायची. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. केवळाच्या दिवसाला एक-दोन वाढत होत्या. दिवाळीला चंद्रप्पा कासार आला, त्यानं जुन्या मालातल्या चार-चार भरल्या. दुसऱ्या पेरणीच्या आधी आला तेव्हा त्याच्या पेटीत बाळाचे वाळे आणि दोन काळे चुडे, एवढंच होतं.

"माल कुठून आणू अक्का?" तो म्हणाला. "बांगडी यायची जपानातनं. आता जपान्याशीच लढाई. इकडच्या मालाला आगगाडीत जागा न्हाई. तुझा नवरा तिकडं जपान्यावर चालून गेलाय, अन् तू हितं जपानी बांगडी मागून राहिलीस!"

"मग कुठली मागू?"

चंद्रप्पा हसायचा थांबला. "बघतो," म्हणाला. पेटी उचलून गेला तो पुढं फिरकलाच नाही.

सटवाजीची तोवर तीन पत्रं आली होती. गावातले रेणुकादास मास्तर उर्दू शाळेत शिकवायचे, ते वाचून दाखवत. पहिल्यात खेचरांची नावं होती. दुसऱ्यात बोटीवरची मळमळ. तिसऱ्यात ब्रह्मदेशातलं जंगल आणि एक ओळ, 'तिफणीचा फण झिजला असेल, लोहाराला दाखवणे.' ते पत्र माघात आलं. पुढं काही आलं नाही.

दुसरी पेरणीही केवळानं काढली. श्रावण लागेपर्यंत तिचे दोन्ही हात रिकामे झाले होते.

श्रावणातलीच एक दुपार. केवळा खुरपून घरी आली तर चूल विझलेली आणि चतुराबाई डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी ओट्यावर बसलेली. बाहेर झिमझिम चालू होती.

"ह्या वक्ताला न्हालात?"

"उकडत हुतं," चतुराबाई म्हणाली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. केवळा आडावर गेली तर तिथं पाटलाच्या वाड्यातली सून होती. ती घागर कमरेवर घेता घेता म्हणाली, "हात मोकळे की गं तुझे. कागद आला का काय?"

"कागद न्हाई आला. कासार न्हाई आला."

बाया हसल्या. पण तिसऱ्या प्रहरी शेजारच्या नागम्मानं शुक्रवारच्या कुंकवाला सगळ्या आळीला बोलावलं आणि केवळाच्या दारावरून तशीच पुढं गेली. मान खाली घालून गेली. तिला वाईट वाटत होतं हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. तरी गेली.

केवळा घरात आली आणि रडायला बसली. चतुराबाई आतल्या खोलीतून हिरवा दोरा घेऊन आली. पाच पदर वळलेला, जाड. तिनं केवळाचा उजवा हात ओढला, मनगटाला दोरा बांधला, तीन गाठी मारल्या. मग डावा.

"आत्याबाई, तुमी कशाला बांधताय?" केवळा घाबरली. सवाष्णी विधवेच्या हातून असलं काही लावून घेत नाहीत.

"दुसरं कोण हाय घरात?" चतुराबाई म्हणाली. "दोरा हाय तवर तू सवाष्ण. कुणी इचारलं तर सांग, सासूनं बांधलाय."

मग ती दर शुक्रवारी नवा दोरा बांधू लागली. त्या दिवसांत दुकानात लुगडं मिळेना, सुताचं रीळ मिळेना, कपड्याला चिठ्ठी लागायची. एवढा दोरा म्हातारी आणते कुठून, हे केवळाला कोडं होतं. विचारलं तर म्हणायची, "हाय माझ्याकडं."

भाद्रपदात पितरांच्या पंधरवड्यात चतुराबाईनं छपरावर कावळ्याला पान ठेवलं. दर साली एक ठेवायची, केवळाच्या सासऱ्यांचं. त्या साली दोन ठेवली.

"दुसरं कुणाचं?"

"आसंल कुणाचं तरी. उपाशी कुणी ऱ्हाऊ नये."

म्हातारी विसरभोळी व्हायला लागली, असं केवळाला वाटलं. पुढच्या साली पुन्हा दोन पानं, त्याच्या पुढच्या साली पुन्हा दोन.

तिसरी पेरणी झाली. त्या सालचं पीक दारात आलं, त्यातलं सरकारच्या लेव्हीला गेलं, उरलं ते कणगीत पडलं. सटवाजी दारात आला नाही. चौथी झाली, पाचवी झाली. केवळाची मूठ आता इतकी बसली होती की लोक तिच्या शेतातली तासं, पेरणीच्या सरळ ओळी, बघायला थांबत. घरात मात्र दिवस-दिवस शब्द होत नसे. दोघी दोन भिंतींना टेकून भाकरी खायच्या. कधी कधी केवळा मुद्दाम बैलांशी मोठ्यानं बोलायची, आपला आवाज आहे का बघायला.

पाचव्या पेरणीनंतरच्या श्रावणात लढाई संपल्याची दवंडी आली. उदगीरकडची दोघं-तिघं घरी आल्याचं कळलं. केवळा पुढचे तीन बाजार देवणीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिसऱ्या बाजारी परत आली आणि उंबऱ्यातच बसली.

"आत्याबाई, येतील ना वो?"

चतुराबाई पीठ मळत होती. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "हात दाव. दोरा सैल झालाय."

पौषात थंडीनं म्हातारीची छाती भरली. पाच दिवस अंथरुणावर होती. शेवटच्या सकाळी तिला बोलता येत नव्हतं. हात चाचपत केवळाचं मनगट शोधलं, बोटांनी दोऱ्याच्या गाठी मोजल्या, एक, दोन, तीन, आणि हात सोडला.

दिवसकार्य झाल्यावर कपडे वाटायला म्हणून केवळानं म्हातारीचं गाठोडं सोडलं. वर दोन पांढरी लुगडी. खाली चतुराबाईच्या स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं. त्याचा काठ एका टोकापासून निम्म्याहून जास्त उसवलेला, दोरा दोरा काढून घेतलेला. आणि लुगड्याच्या घडीत एक कागद, उर्दूत छापलेला.

ती तशीच मास्तरांकडं गेली. रेणुकादास मास्तरांनी कागद हातात घेतला, पण उघडला नाही.

"वाचा की, मास्तर."

"वाचलाय बाई मी. साडेतीन वर्षांमागं, श्रावणात. तू खुरपायला गेली होतीस." ते खाली बघत बोलले. "सटवाजी ब्रह्मदेशातून मागं येताना तापानं गेला. वैशाखात. तुझ्या सासूनं मला तुळजाभवानीची शपथ घातली. पेन्शनीला तुझा अंगठा लागला असता, ती पण नको म्हणाली."

"का?"

"मी पण विचारलं. म्हणाली, मास्तर, घरात दोन बाया. मी मूठ टाकू शकत न्हाई. तिचं कुंकू पुसलं तर ती पण न्हाई. मग रान कोण पेरंल? मग दारापर्यंत गेली अन् परत वळून म्हणाली, माझे हात वीस वरसं उघडे हायती. तिचे नकोत एवढ्यात."

केवळा उठली. वाटेत तिला एकेक आठवत गेलं. ती श्रावणातली ओली डोई. ती दोन पानं. साडेतीन वर्षांत म्हातारी 'तो येईल' असं एकदाही म्हणाली नव्हती. त्याच्याबद्दल एकदाही खोटं बोलली नव्हती. स्वतःच्या लेकासाठी एकदाही मोठ्यानं रडली नव्हती, सून पलीकडच्या भिंतीला बसलेली असायची म्हणून.

घरी येऊन तिनं दोऱ्याच्या गाठी सोडून बघितल्या. सुटल्या नाहीत. शेवटी विळ्यानं कापल्या, दोरा लुगड्याच्या घडीत ठेवला. दिवेलागणीला नागम्मा आली. केवळाचे उघडे हात, पुसलेलं कपाळ बघून "अय्यो शिवा" म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. ह्या खेपेला केवळा रडली नाही. नागम्माच रडली.

मिरगाला गावानं विचारलं, यंदा तुझ्या रानात मूठ कोण टाकणार? नागम्मा म्हणाली, "मी येते." केवळा म्हणाली, "राहू दे, नागम्मा." ती उघड्या हातांनी तिफणीमागं उभी राहिली. बैलांनी वळून बघितलं नाही. चाड्यावर काचेचा आवाज नव्हता, दोऱ्याचं घासणं नव्हतं, नुसतं बी पडत होतं. पीक जसं यायचं तसं आलं.

भाद्रपदात तिनं छपरावर तीन पानं ठेवली.

सटवाजी वारला तो फसली तेराशे एक्कावन्नच्या वैशाखात, ब्रह्मदेशातून परतीच्या वाटेवर. त्याची आई चतुराबाई वारली ती तेराशे पंचावन्नच्या पौषात, आपल्या घरात.