बंदुकीच्या आवाजाकडे धावणारा गबरू

मुलांनो, मी तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं असतं, पण मग पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच एक लांबलचक पागा मनात उभी करा. दोन्ही बाजूंना घोडे, मधल्या वाटेवर गवताचा चुरा, आणि त्या वाटेवरून निघालेली नऊ वर्षांची एक मुलगी. अंगाने बारीक आणि जिथे तिथे घुसणारी, म्हणून सगळे तिला सुई म्हणत.

या पागेत फौजेसाठी घोडे वाढवत. फौजेतले काही घोडे दरवर्षी म्हातारे होत, काही लंगडू लागत. त्यांच्या जागी इथून नवे जात. शिंगरू जन्मलं की चार वर्षं सांभाळायचं आणि हाडं भरली की परीक्षा घ्यायला येणाऱ्या फौजेच्या साहेबांना दाखवायचं. पास झालं तर फौजेत त्याला वैद्य, नालबंद आणि जीव लावणारा स्वार मिळे. नापास झालं तर ते वीटभट्टीवाल्याच्या गाडीला. त्याची घोडी सुईने पाहिली होती. नुसती हाडं आणि वर कातडं.

सुईचा जीव गबरू नावाच्या शिंगरावर, आणि यंदा गबरूची पाळी होती.

सुईचे आजोबा पागेचे मुख्य. गबरूला आवाजाची सवय लावायचं काम त्यांनी तिच्यावर सोपवलं होतं. "बंदुकीला घोडा बिचकला की स्वार मातीत. म्हणून रोज दाणा देताना डबा बडवायचा. आवाज झाला की खायला मिळतं, हे डोक्यात बसलं की भीती जाते," त्यांनी समजावलं होतं.

सुईने ते मन लावून केलं. फक्त दाण्याची बादली गबरूपर्यंत न्यायचा तिला कंटाळा. ती कोठारापाशीच उभी राहून डबा बडवी आणि गबरू मैदान ओलांडून धावत येई.

परीक्षेच्या सकाळी साहेबांनी गबरूचे दात पाहून वय ओळखलं, काठी लावून उंची मोजली, चारही खूर उचलून पाहिले. "छान," ते म्हणाले. फाटकाशी वीटभट्टीवाला दोर मांडीवर घेऊन बसला होता. त्याने जांभई दिली.

मग साहेबांबरोबर आलेल्या शिपायाने मैदानाच्या टोकाला जाऊन बंदुकीचा बार काढला.

गबरू मुळीच बिचकला नाही. लगाम हिसकून तो थेट शिपायाकडे धावला आणि त्याच्या खिशात तोंड घालून दाणे शोधू लागला.

"काका, घोडा धीट आहे," साहेब आजोबांना म्हणाले. "इतका, की उद्या शत्रूने तोफ डागली तर हा स्वाराला पाठीवर घेऊन तिच्या तोंडाशी जेवायला जाईल."

"आमच्या नातीची शिकवणी. बादली उचलायचा कंटाळा, दुसरं काय?"

"जड असते ती," सुई पुटपुटली.

"हो ना. म्हणून एवढासा घोडा तेवढा बोलावून घेतलास."

वीटभट्टीवाला धूळ झटकत उठला. "मग नेऊ का मी?"

साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं. "आवाजाला जागा सोडली की नापास, हा नियम. पण दुपारी निघण्याआधी मी आणखी एकदा बघेन. तोवर काय शिकवायचं ते शिकवा."

आजोबांनी डोकं खाजवलं. इतक्या दिवसांचा धडा दुपारपर्यंत पुसायचा कसा?

सुई मात्र विचार करत होती. आवाज झाला की दाणा मिळतो, हे गबरूला ठाऊक होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. चूक इतकीच, की दाणा कुठे मिळतो ते त्याला भलतंच ठाऊक होतं.

ती कोठारात गेली. काठोकाठ भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत, थांबत, धापा टाकत तिने गबरूच्या पुढ्यात आणली. मग डबा साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, तुम्ही तिकडे टोकाला जाऊन हा बडवा."

"मी?"

"आजोबांचे गुडघे दुखतात. आणि मला इथेच थांबायला हवं."

साहेब आजोबांकडे बघत राहिले. आजोबा गुडघा चोळू लागले. मग साहेब डबा घेऊन मैदान ओलांडून गेले.

डबा वाजला. गबरूने मान वर केली, एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायच्या आत सुईने मूठभर दाणे त्याच्या ओठांखाली धरले. तो थबकला आणि खाऊ लागला. तिने लगेच दुसरी मूठ भरली आणि टोकाला उभ्या असलेल्या साहेबांना ओरडून सांगितलं, "आता जरा जोरात."