पाठ असलेला रस्ता

बाबांनी एकतीस वर्षं किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवली होती. आता बहात्तराव्या वर्षी त्यांना लायसन्सचं नूतनीकरण करायचं होतं, तेही येत्या सोमवारी. दादाने धाकटीला फोनवर बजावलं, "एक दिवस गाडीत त्यांच्या शेजारी बस. नीट दिसत नसेल तर किल्ली काढून घे. माझं ऐकायचे नाहीत ते, तुझं ऐकतील."

"म्हणजे वाईटपणा माझ्या वाट्याला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी सातला दोघं निघाले. पहिल्या गावापर्यंत बाबांनी गाडी अशी चालवली की धाकटीला दादाचाच राग आला. वळणं अलगद, गिअर बदललेला कळूही नये. दीपगृहाखाली चहा घेताना बाबांनी विचारलं, "काय म्हणतात परीक्षक?"

"कसले परीक्षक?"

"दादाचा फोन ठेवलास आणि लगेच माझ्या चष्म्याची चौकशी केलीस. म्हातारा झालोय गं, बावळट नाही."

दुसऱ्या गावात शाळेपाशी त्यांनी गाडी एकदम हळू केली.

"काय झालं?"

"स्पीडब्रेकर."

स्पीडब्रेकर नव्हता. रस्ता नव्याने केलेला, तळहातासारखा सपाट. तिथून पुढे धाकटीने समुद्र बघणं सोडलं आणि ती बाबांचे डोळे बघू लागली. ते पाट्या वाचत नव्हते. वळण दिसायच्या आधीच त्यांचे हात वळत होते.

तिसऱ्या गावात, जाळी वाळत घातलेल्या धक्क्याशी, गाडी बसथांब्यावर जाऊन अचूक उभी राहिली. पिशव्या घेतलेल्या एका बाईंनी मागचं दार उघडलं.

"मावशी, ही बस नाही," धाकटी म्हणाली.

"मग थांब्यावर कशाला उभी केली?" बाईंनी दार आपटलं.

"सवय, दुसरं काय!" बाबा हसले. धाकटीही हसली. नुसती सवयच असावी, असं तिला फार वाटत होतं.

चौथ्या गावात किनाऱ्याकडे जाणारा उतार आता फक्त चालणाऱ्यांसाठी होता. पुरुषभर उंचीची लाल पाटी होती. बाबा तिच्या शेजारून सफाईने वळले. समोर टेबलं, छत्र्या, आइस्क्रीम खाणारी माणसं. धाकटीने हँडब्रेक ओढला. प्लास्टिकची एक रिकामी खुर्ची चाकाखाली मोडली, तेवढ्यावर निभावलं.

हॉटेलवाला धावत आला. "काका, एवढी मोठी पाटी दिसली नाही?"

"इथे रस्ता होता."

"होता! चार वर्षांपूर्वी!"

धाकटीने त्याची माफी मागितली, खुर्चीचे पैसे भरून दिले. माणसं बाजूला झाली, तशी बाबांनी गाडी मागे घेऊन कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं होतील. समोरचं धुरकट दिसतं. रस्ता पाठ होता, म्हणून चाललं."

तिने हात पुढे केला. बाबांनी हाताकडे पाहिलं. किल्ली जागची हलली नाही.

"दादाला काय सांगशील?"

"झालं ते."

"मग मी दिली असं होऊ दे. तू घेतलीस असं नको."

धाकटीने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि ती समोर बघत बसली. टेबलं पुन्हा भरत होती. किल्ली काढून द्यायला बाबांनी बराच वेळ घेतला. तिने घाई केली नाही.