ताडपत्रीची कड

एवारिस्तो न्यांकुचेओला चुबुतच्या पठारावरल्या वाऱ्याची कधी भीती वाटली नाही. त्याला भीती होती ती पोटच्या पोरीची, इर्माची. ट्रक आता तीच चालवायची. ताडपत्री घालायला मालावर चढायचं कामही ती आपल्याकडून काढून घेणार, आणि ते सुटलं की आपण कामातून गेलो, हे म्हाताऱ्याला पुरतं ठाऊक होतं. गुडघे कुरकुरत होतेच. पण ताडपत्री घालण्यात त्याचा हात धरणारा त्या पठारावर दुसरा नव्हता, आणि त्याचा तोराही काही कमी नव्हता.

मेंढ्यांची कातरणी संपली, लोकरीचे सत्तर गठ्ठे ट्रेलरवर चढले. गिरणीवाले ओली लोकर परत पाठवतात, आणि डोंगराकडून ढग सरकत होते. मुकादम अन्सेल्मोच्या देखत एवारिस्तो हट्टानं वर चढला. त्यानं आधी पुढची ताडपत्री पसरली, मग मागची, आणि मागचीची कड पुढचीवर चांगली हातभर चढवली. इर्मानं खालून मुकाट्यानं दोर ओढले, हुकांना गाठी मारल्या. म्हातारा खूश होऊन उतरला आणि येर्बाचा कडू चहा घेऊन शेडच्या आडोशाला टेकला.

दुसरा घोट घेताना त्यानं पाहिलं, तर इर्मा एकेक गाठ सोडत होती.

काय झालं, असं अन्सेल्मोनं विचारलं. चूक माझीच, मी खालून कड उलटी सांगितली, असं ती मान वर न करता म्हणाली. बापाचं नाव घालवशील बाई, म्हणून तो हसला.

एवारिस्तोनं चहा खाली ठेवला. मागची आधी, पुढची तिच्यावर, म्हणजे धावत्या ट्रकवर समोरून येणारा वारा कडेखाली शिरत नाही. हे त्यानंच कित्येकांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. आज त्यानं उलटं केलं, आणि उतरल्यावरसुद्धा ते त्याच्या ध्यानात आलं नाही. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पोरीला चारचौघांत झापायची त्याला सवय होती, आणि ती ऐकून घ्यायला तयारच होती. याचीच त्याला फार लाज वाटली.

तो उठून ट्रेलरपाशी आला.

"तिनं नाही," तो अन्सेल्मोला म्हणाला. "मी उलटी घातली. आणि मला कळलंही नाही."

अन्सेल्मो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. इर्माचे हात थांबले.

"होतं बाबा असं एखाद वेळी," ती म्हणाली.

"या हंगामात किती वेळा झालं?"

तिनं हातातला दोर गुंडाळून ठेवला.

"चार," ती म्हणाली. "तुम्ही केबिनमध्ये झोपलात, की मी वाटेत गाडी उभी करायचे."

म्हणजे चार वेळा त्या उघड्या माळावर, वाऱ्यात, पोरगी एकटीच वर चढली होती, आणि खाली कोणी नव्हतं.  एवारिस्तोनं शिडी ओढून ट्रेलरला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट पकडली.

"चढ," तो म्हणाला. "मी धरलीय."