डाव्या धारेचा चाकू

बायको गेली त्या आठवड्यात सुतार कुणालाही काहीही देऊन टाकत होता. शेजारणीनं छत्री मागितली, दिली. मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, कपाट आवरायला आली आणि म्हणाली, "भावजी, ताईचा चाकू मी नेऊ?" तर हा म्हणाला, "ने की. हवं ते ने." चार महिन्यांनी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा त्याला कळलं, की तिच्या चपला, चष्मा, रिकाम्या बरण्या असलं सगळं आपण राखून ठेवलंय आणि नेमका चाकूच देऊन बसलोय.

चाकू त्यानंच केलेला. लग्नानंतर पहिल्या महिन्यात, तुटलेल्या करवतीच्या पात्यातून. शिसवी मूठ, बोटाएवढं पातं, मिटला की मुठीत गडप. सुतारच तो, पटाशीला लावतात तशी एकाच बाजूनं धार लावली, आणि तीही भलत्या बाजूनं. चूक लक्षात येऊन तो सुधारायला जाणार, तेवढ्यात बायकोनं सफरचंद सोलायला घेतलं. साल कागदासारखी पातळ, एकसलग खाली आली. ती डावखुरी होती. माहेरी कात्रीसुद्धा तिच्या हाताची नव्हती.

"याला आता हात लावाल तर याद राखा," ती म्हणाली होती.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो त्या एकाच बाजूला धार लावायचा. चाकू तिच्या पर्समध्ये राहायचा. त्या चाकूनं तिनं पार्सलं उघडली, दोरे तोडले, बसमध्ये संत्री सोलली, चष्म्याचे स्क्रू पिळले. तिच्या कचेरीत एकदा फीत कापायला कात्री सापडेना, तेव्हा तिनं साहेबांच्या हातात हा चाकू ठेवला. साहेब उजव्या हातानं फीत घासत राहिले, फीत काही तुटेना. शेवटी हिनंच कापली आणि फोटोही हिचाच आला.

सुतारानं हे सगळं न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याचं दुकान त्याच्या कारखान्याला लागून होतं आणि चाकूंबद्दल त्याला मतं फार. त्याच्या खिशात कायम एक जाडजूड चाकू असायचा.

"हा बघ, चौदा वस्तू आहेत यात. चमचासुद्धा."

"कापतो का?"

"कापायला वस्तरा आहे माझ्याकडे. हा बाळगायला." न्हाव्यानं तो प्रेमानं मिटला. "ते जाऊ दे. तू मेहुणीकडे सरळ माग की."

"दिलेली वस्तू परत मागू? चाळीस वर्षं ती माझी फिरकी घेतेय. उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढं खाद्य आयतं देऊ तिला?"

"मग चोर," न्हावी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुतारानं चार महिने बंद असलेला कारखाना उघडला. त्या करवतीचा उरलेला तुकडा फळीमागे अजून होता. आठ दिवस तो कानशीनं घासत बसला. मूठ तेलात आणि चहाच्या पाण्यात मुरवून काळपट केली. ओरखडे उठावेत म्हणून चाकू किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात घालून हिंडला. शेवटी धार लावली. न्हाव्यानं चाकूचा हा जुळा भाऊ हातात घेऊन पाहिला. "तुला आता तुरुंगात टाकलं तरी चालेल," तो म्हणाला.

मेहुणी तिसऱ्या मजल्यावर राहायची. घरात ती आणि एक केसाळ मांजर. ठरल्याप्रमाणे न्हाव्यानं आत शिरताच कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, या मांजराच्या केसांत गाठी झाल्यात. फार वाईट असतं बरं का ते."

"अगंबाई! मग?"

"गॅलरीत धरा त्याला. माझ्याकडे कात्री आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चौदांतली एक वस्तू वापरायला काढली.

"मी पाणी पितो," म्हणत सुतार स्वयंपाकघरात गेला. चाकू फळांच्या टोपलीपाशीच होता. हा ठेवला, तो उचलला. मग तो खरंच तीन पेले पाणी प्यायला. गॅलरीतून मांजराचा आणि न्हाव्याचा आवाज एकदमच आला.

जिना उतरताना न्हाव्याच्या हातावर चार लाल रेघा होत्या. "मिळाला?"

"मिळाला."

"मग माझं रक्त सार्थकी लागलं."

घरी येऊन सुतारानं दार लावलं, चाकू उघडला आणि बायको धरायची तसा डाव्या हातात धरून सफरचंदाला लावला. काहीतरी बिनसलं होतं. उजव्या हातात घेतला तर सरळ चालला. त्यानं चष्मा चढवून पातं उजेडात धरलं. धार दोन्ही बाजूंनी होती. कुणा धारवाल्यानं दोन मिनिटांत चाकावर फिरवून चाळीस वर्षांचे रविवार उतरवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मेहुणी. एका हातात चाकू, दुसऱ्या हातात काकडी. ती सरळ आत आली, टेबलाशी बसली आणि काकडीची एक चकती कापली. चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ.

"भावजी, ताईचा चाकू माझ्या हातात पहिल्यापासून तिरका जायचा. महिन्यापूर्वी मी धारवाल्याकडून नीट करून घेतला. सुरेख चालत होता. काल तुम्ही पाणी प्यायला आलात आणि आज हा पुन्हा तिरका. धार काय एका रात्रीत उगवते?"

सुतारानं कपाळावर हात मारून घेतला. रंग जुळवला, ओरखडे जुळवले, आणि धार लावताना हात आपल्या सवयीनं डाव्या बाजूलाच गेला होता.

"काढा," ती म्हणाली.

त्यानं खिशातून चाकू काढून टेबलावर ठेवला.

"मागायचा होता."

"दिला असतास?"

"नसता दिला."

"मग?"

"पण मागायला म्हणून तरी आला असतात. चार महिन्यांत एकदा पायरी चढला नाहीत. चढलात ती चोरी करायला, आणि तीही भाड्याचा न्हावी घेऊन."

सुतार टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिच्या हातातली तेवढीच एक वस्तू होती जी मी दर आठवड्याला हातात घ्यायचो. बाकीचं सगळं तिचं तीच बघायची. मला तो परत दे."

मेहुणीनं नवा चाकू उचलला. "ताई कसा धरायची हो? असा?" आणि बहिणीची नक्कल करायला म्हणून तिनं तो डाव्या हातात घेतला. एक चकती पडली. सरळ, पातळ. दुसरी पडली. तिसरी. ती कापतच राहिली, बघता बघता अर्धी काकडी संपली.

"अगं, तू तर..."

"मीही डावखुरीच होते," ती हाताकडे बघत म्हणाली. "शाळेत बाई हात बाकाला बांधायच्या. ताईनं शेवटपर्यंत ऐकलं नाही, मी आठवड्यात ऐकलं." तिनं आणखी दोन चकत्या कापल्या आणि चाकू मिटून पर्समध्ये टाकला. "हा मी नेते. तो तुमचा."

"खरंच?"

"फुकट नाही. याला रविवारी धार लावून द्यायची. मी येईन. आणि एका आठवड्याआड तुम्ही यायचं माझ्याकडे, धारेचा दगड घेऊन. एकटे. मांजर अर्ध्या अंगानं टकलं झालंय, त्या माणसाला पाहिलं तर या वेळी डोळा काढेल."

सुतारानं टेबलावरचा चाकू उचलून मुठीत धरला. दुसऱ्या बाजूची धार मोडून पहिली परत आणायला चार-पाच बैठका तरी लागणार होत्या. पातं थोडं झिजणार होतं. त्याला घाई नव्हती.

मेहुणी जिना उतरायला लागली तेव्हा तो दारात आला.

"तुझी काकडी राहिली!"

"खा तुम्ही," खालच्या मजल्यावरून आवाज आला. "उरलेली डाव्या हातानं कापून!"