काळजाचं अंथरूण

आमचे जावईबापू काळजं वाढवतात. आख्खी नव्हेत हो, काळजाच्या पेशी, बशीत. माझी लेक हयात असताना तिच्या दंडाची चिमूटभर कातडी त्यांनी घेतली होती, आणि त्यातून केलेल्या पेशी ती गेल्यावरही प्रयोगशाळेत धडधडत होत्या. ती गेली तेव्हा मी उशाशी होते. छातीत कळ येतेय म्हणून तिने जावयांना फोन लावला, तर पलीकडून मला स्वच्छ ऐकू आलं, "नाटकं पुरे, काम चाललंय." तिने फोन खाली ठेवला नाही, तो तिच्या हातातून मीच सोडवून घेतला.

काही महिन्यांनी मी प्रयोगशाळेत गेले. लेकीचं जे काही उरलंय ते बघायचं म्हटलं.

"पेशींना अंथरूण कळतं, आई," जावई कौतुकाने बशा दाखवू लागले. कडक प्लॅस्टिकवर टाकल्या की त्या चपट्या पसरतात, ओढून ओढून धडधडतात आणि दमून थांबतात. मांसाइतक्या मऊ जेलवर ठेवल्या की एकमेकींना धरून संथ चालतात.

"मग घरात कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

ते बशीवर वाकले. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी थबकल्या. पुन्हा चालू लागल्या, पण निराळ्या चालीने.

तिथे काम करणारी मुलगी हसली. "सर, तुमच्या घड्याळात नाडी दिसते ना? बघा, पेशी डिट्टो तशाच!"

हसणं तेवढंच. पुढे कडक बशीतल्या पेशी अडखळल्या की जावई जिन्यात धापा टाकत बसत, जेलवरच्या सावरल्या की उठत. डॉक्टरांना काही सापडेना. अखेर जावयांनी कडक बशा कपाटात कोंडल्या, जेलची एकच बशी तळहाताच्या फोडासारखी जपू लागले, आणि मला रोज शेजारी बसवू लागले. मी असले की म्हणे ती शांत असते.

"आई, तेवढं सांभाळा तिला," एका दुपारी ते म्हणाले आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. इतकं मऊ बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी हातमोजे चढवत आली. "आजी, जेल बशीपासून सुटायला लागलीय, पेशी नव्या बशीत हलवायला हव्यात. सरांना उठवू?"

"झोपू दे गं. बोललेत ते माझ्याशी."

"जेलवरच ना?"

मी जावयांकडे पाहिलं. श्वास कसा एकसारखा चालला होता.

"कडकवर," मी म्हणाले. "सवय आहे तिला."