राघूचे चोवीस लंगोट

‘पांढरं हे धुणं
कांजीत न्हाऊन
उन्हात जाऊन
उभं राहे…’

आईचा हा आवाज परसातून यायचा. वासुकी तेव्हा सात वर्षांची असेल. भाताची कांजी गाळून आई ती बादलीभर पाण्यात ढवळायची आणि आप्पांच्या वेष्ट्या म्हणजे धोतरं, स्वतःच्या सुती साड्या, उशांचे अभ्रे एकेक करून बुडवायची, पिळायची, झटकायची. झटकताना ओवी तुटायची आणि पुढच्या कपड्याला पुन्हा जुळायची. ‘पांढरं कापड कांजीवाचून दोरीवर जाऊ द्यायचं नाही गे,’ ती म्हणायची. ‘बिनकांजीचं धुणं म्हणजे बिनतेलाचं डोकं. सगळी वीथी, सगळी गल्ली बघते.’

आई जाऊन चार वर्षं झाली. म्हणून वासुकीचं बाळंतपण माहेरी झालं नाही. तमिळ मुलखातल्या करंदैला, सासरच्या घरातच झालं. सासूबाई वेंकूबाईंनी काही कमी केलं नाही. सुंठीचे लाडू, लसणाचं आमटीसारखं कुळंबू, शेक, शेगडी, सगळं वेळच्या वेळी. सासूला त्यांच्यात अत्या म्हणतात, आणि ही अत्या खरंच आत्याच्या मायेची होती. तिची जीभ तेवढी विळीवर बसलेली.

बाळाचं नाव राघवेंद्र, घरात राघू. सहा आठवड्यांचा. इस्पितळातून आणलेल्या तयार डायपरांनी त्याच्या मांड्यांना लाल वळ उठले, तेव्हा वासुकीनंच म्हटलं, ‘अत्या, आपण कापडाचे लंगोट करू. मी सगळं करीन. कापायचं, शिवायचं, घालायचं, वाळवायचं. कुणी हात लावायचा नाही.’

वेंकूबाईंना भरून आलं. बाळंतीण आतापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायची. आता उठून काहीतरी करीन म्हणतेय.

वासुकीनं ते का म्हटलं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. राघू जन्मला तेव्हा नर्सनं त्याला तिच्या छातीवर ठेवलं आणि ती वाट बघत राहिली. आता येईल, आता येईल म्हणून. सगळ्या बायका सांगत होत्या ते काहीतरी. ते आलं नाही. दूध आलं. त्याला पाजणं, पुसणं, तूळीत घालून झोका देणं ती सगळं नीट करायची. पण परक्याच्या उंबऱ्यावर कोलम घालावा तसं. रेघ सरळ, ठिपके बरोबर, घर आपलं नाही. तिला वाटलं, हातानं त्याच्यासाठी काही करत राहिलं तर हातातून वर चढेल. चढत चढत कधीतरी उरापर्यंत पोचेल.

बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं घालायचं नाही, ही त्यांची रीत. ऐंशी पार केलेल्या माणसाची, धुऊन धुऊन विरलेली वेष्टी मागून आणायची आणि तिचे तुकडे करायचे. त्याचं आयुष्य पोराला लागतं म्हणतात. वासुकीचा नवरा प्राणेश पापनाशमच्या बँकेत होता. तिथल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या हनुमंतरावकाकांकडून त्यानं दोन वेष्ट्या आणल्या. काकांनी वर निरोप धाडला होता : ‘माझी अजून एक अंगावर आहे, ती मागू नका.’

वेंकूबाई हसत हसत फाडायला बसल्या. टर्रकन कापड फाटे आणि त्या गुणगुणत :

‘तान्ह्याच्या अंगाला
जुनं मऊ पान
थोरल्यांचं दान
वेष्टीतलं…’

चोवीस चौकोन निघाले. वासुकीनं त्यांच्या कडा दुमडून हातानं टीप घातली.

शाळेत वासुकीच्या शेजारच्या वर्गाला शिकवणारी दिव्यश्री. तिनं नव्या धर्तीचे सहा पाठवले, बटणांचे, आत घडी सरकवायचे. सोबत छापील कागद होता. वापरण्याआधी पाच वेळा धुवा. धाग्यावर थर बसेल असं काहीही लावू नका, नाहीतर कापड ओल पीत नाही.

‘पाच आंघोळी?’ वेंकूबाई म्हणाल्या. ‘नवरीलासुद्धा चारच घालतात.’

‘अम्मा, त्यात इंजिनियरिंग आहे,’ प्राणेश म्हणाला. त्यानं फोनवर बघून एक घडी घातली आणि राघूला बांधली. राघूनं दोन मिनिटांत पाय झाडून ती सोडली.

‘इंजिनियर, पूल पडला,’ वेंकूबाई म्हणाल्या. सगळे हसले. वासुकीही हसली. कुठे हसायचं हे तिला अजून कळत होतं.

धुण्याची वाटणी अशी ठरली. घरकामाला येणारी तैयल्नायकी पहिलं पाणी काढेल आणि साबण लावेल. शेवटचं खळबळणं, पिळणं आणि गच्चीवर वाळत घालणं वासुकीचं. वेंकूबाई सकाळी न्हाऊन सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, त्यामुळे दुपारपर्यंत लंगोटांना त्यांचा हात लागत नसे. आणि गुडघ्यांमुळे गच्ची तर त्यांनी तीन वर्षांत पाहिली नव्हती.

पहिल्या दिवशी वासुकी मोरीपाशी उकिडवी बसली होती. समोर धुतलेल्या पांढऱ्या लंगोटांचा ढीग, बाजूला रोजच्यासारखी गाळून ठेवलेली कांजी. तैयल्नायकी साड्यांना घालायची ती. रात्रभर झोप नव्हती. डोकं पाण्यात ठेवल्यासारखं जड. मनात कुठूनतरी आईचा आवाज सुरू झाला, पांढरं हे धुणं, आणि हात आपोआप चालले. बुडव, पीळ, झटक. चोवीसही लंगोट कांजीतून निघाले आणि पंगुनी महिन्याच्या उन्हात ओळीनं उभे राहिले. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. आई असती तर म्हणाली असती, आता कशी दोरी दिसते.

दुसऱ्या दिवशी पहिला लंगोट बांधताना तो पापडासारखा वाजला. तिनं चोळून मऊ केला आणि बांधला. थोड्या वेळानं राघूनं लघवी केली ती अळवाच्या पानावरून ओघळावी तशी ओघळली. कापडानं घेतली नाही. पाठीखाली सगळं ओलं, आणि जिथे कापड भिजलं तिथे ते चिकट होऊन मांडीला बसलेलं. राघू किंचाळायला लागला.

त्याच क्षणी तिला कळलं. कागदावरची ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली. गरम पाण्यात टाकले असते तर अर्ध्या तासात कांजी निघून गेली असती. स्वयंपाकघरात जाऊन म्हणायला हवं होतं, ‘अत्या, मी किती वेडी बघा, पोराला कांजी घातली!’ अत्यांनी वर्षभर चिडवलं असतं आणि ते सगळं तिथेच संपलं असतं.

ती राघूकडे बघत उभी राहिली. त्याचं तोंड चौकोनी झालं होतं, हनुवटी थरथरत होती. तिनं आत कान लावला. आपल्या आत. विहिरीत खडा टाकून वाट बघतात तशी. आवाज आला नाही.

त्या दुपारी ती परत मोरीपाशी बसली. कांजीचं पातेलं तिथेच होतं. या वेळी आईचा आवाज नव्हता. कसलाच आवाज नव्हता. तिनं लंगोट बुडवले. मान वर केली तेव्हा दाराच्या चौकटीत तैयल्नायकी साड्यांची बादली घेऊन उभी होती. तैयल्नायकीनं पातेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बादली ठेवली आणि गेली.

मग रोज तेच. वाळल्यावर ती लंगोट हातांवर चोळचोळून मऊ करायची, वरून कुणाला कळू नये इतके.

सातव्या दिवशी राघूच्या जांघेत कातडी सोललेल्या टोमॅटोसारखी दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, मोकळं ठेवा म्हणाल्या. ‘लंगोट कशानं धुता?’

‘साबणानं,’ वासुकी म्हणाली.

‘आणखी काही?’

‘नाही.’

रिक्षात वेंकूबाईंनी राघूला मांडीवर पालथं धरलं होतं. ‘कुणाची दृष्ट रे तुला, कन्ना,’ त्या म्हणत होत्या. ‘आई तुझी दिवसभर धुण्यात बुडालेली असते, आणि तुझं हे असं.’ वासुकी बाहेर बघत होती. बाजूनं नारळांनी लादलेली सायकल चालली होती. तिला वाटलं, आपण इथे उतरलो तर ही रिक्षा घरी नीट पोचेल. कदाचित जास्त नीट पोचेल.

घरी आल्यावर वेंकूबाईंनी मिठाच्या खड्यांनी दृष्ट काढली. मलम लागलं. राघू उघडा झोपला, पण पायाला पाय लागला की झोपेत कण्हायचा. तेवढ्यापुरतं त्याच्याखाली घालायला वेंकूबाईंनी दोरीवरून नुकताच काढलेला, अजून न चोळलेला एक लंगोट उचलला. त्यांचा हात थबकला. त्यांनी तो दोन बोटांनी वाकवला. वाकलेला तसाच राहिला. त्यांनी तो नाकाशी नेला, जिभेच्या टोकाला लावला.

‘कांजी,’ त्या म्हणाल्या. आधी हळू. मग मोठ्यानं, तमिळमध्ये, थेट परसाच्या दिशेनं : ‘तैयल्नायकी! इकडे ये.’

तैयल्नायकी पदराला हात पुसत आली.

‘पोराच्या लंगोटांना कांजी घातलीस? अगं, माझ्या साडीला घालतेस ती कांजी? पोर अजून पुरतं सात आठवड्यांचंही नाही, त्याला साडीसारखं ताठ उभं करायचं होतं तुला?’

तैयल्नायकी पदराला हात पुसतच राहिली.

‘बोल ना. बारा वर्षं या घराचं पाणी पितेस. तुलाही तीन झालीत. अक्कल कुठे सांडलीस?’

तैयल्नायकीची नजर एकदा वासुकीवर आली. त्या नजरेत ठपका नव्हता, मागणं नव्हतं. मोठ्या आजाऱ्याच्या पायाशी बसलेलं माणूस बघतं तसं ती बघत होती. मग तिनं डोळे खाली घातले.

‘झालं असेल, अम्मा,’ ती म्हणाली. ‘साड्यांबरोबर गेले असतील. माझ्याच हातून.’

‘एक दिवस गेले असतील. चोवीसच्या चोवीस? बघ, हा बघ, हा बघ.’ वेंकूबाई एकेक लंगोट उचलून खाली टाकत होत्या आणि प्रत्येक कोरडा वाजत होता. ‘उद्यापासून येऊ नकोस. मला तोंड दाखवू नकोस. तुझ्या पोराला असं कुणी केलं असतं तर?’

‘बरं, अम्मा.’

ती वळली. दारातल्या चपला पायांनी चाचपू लागली. एक सापडली, दुसरी पायरीखाली गेली होती.

राघू जागा झाला. रडायला लागला. वेंकूबाईंनी सवयीनं म्हटलं, ‘घे गे त्याला, तुझ्याकडे येतो म्हणतोय,’ आणि वासुकीनं हात पुढे केले नाहीत. ते हात तिच्या मांडीवर पडून होते, कांजीनं खरखरीत झालेले, नखांच्या कडांना पांढरा साका बसलेला. वेंकूबाईंची नजर त्या नखांवर गेली.

तैयल्नायकीला दुसरी चप्पल सापडली होती.

‘थांब,’ वासुकी म्हणाली. आधी तमिळमध्ये, तिच्यासाठी. मग मराठीत, सासूसाठी. ‘तिनं नाही केलं, अत्या. मी केलं.’

‘तू? चुकून गेले असतील गे. बाळंतिणीचं डोकं काय ठिकाणावर असतं…’

‘पहिल्या दिवशी चुकून. आई घालायची तशी घातली.’

‘मग झालं तर. त्याला काय एवढं…’

‘दुसऱ्या दिवशी चुकून नाही.’ राघू रडत होता, आणि त्या रडण्यावर आवाज चढवावा लागू नये म्हणून ती अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलत होती. ‘तिसऱ्या दिवशीही नाही. सहा दिवस मला माहीत होतं. तो रडायचा आणि मी बघायची. मला वाटलं, एवढा रडला तर माझ्या आत काहीतरी हलेल. तो जन्मला तेव्हापासून मी वाट बघतेय, अत्या. काही हलत नाही. आत्ताही नाही. त्याला माझ्याजवळ ठेवू नका.’