सांध्यावर सांधा

चित्रकलेचा इतिहास आता संपला असून यापुढे जगात फक्त थंबनेल उरणार आहे, असं मी भागोजीच्या पडवीत बसून जाहीर केलं. चष्मा घरी राहिल्यामुळे मला समोरचं थंबनेलही दिसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"काका, पाय वर घ्या, चार्जरची वायर तुडवताय," नम्रता म्हणाली. तिची आई काशी तांदूळ पाखडत होती, तिने मानही वर केली नाही.

थंबनेल म्हणजे व्हिडिओच्या दारावरचं चित्र. ते बघून लोक आत शिरतात, नाहीतर अंगठ्याने पुढे ढकलतात. नम्रता देवरुखच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करते, त्यामुळे या विषयात घरात तिचाच शब्द चालतो.

भागोजी तिचा बाप. जन्मभर त्याने गडगे रचले. गडगा म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण. ना सिमेंट, ना चिखल, नुसता दगडावर दगड. थोरला अनिल त्याच्या हाताखाली सगळं शिकला, फक्त कोपरा रचायचा राहिला आणि एकोणिसाव्या वर्षी पोरगा मुंबईला गेला. त्याला चौदा वर्षं झाली. आता भागोजीचे गुडघे बोलतात. बाप-लेकांचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे. "जेवलास?" "जेवलो." "बरं." एवढ्यात कोपरा बसत नाही.

म्हणून नम्रताने कोपऱ्याचा व्हिडिओ काढला आणि दारावर बापाचा साधा फोटो लावला. तो अकरा वेळा पाहिला गेला, त्यातले चार वेळा मी. अनिल म्हणाला, "बघतो."

"दादा दिवसभर मोबाइलच बघतो, पण चित्राने डोळा पकडला तरच थांबतो," नम्रता म्हणाली. मग तिने एआयला भागोजीचा फोटो दिला, खाली दोन ओळी लिहिल्या आणि आम्ही पंख्याखाली वाट बघत बसलो.

पहिल्या चित्रात भागोजीला दंड फुटले होते आणि मागे बर्फ पडत होता. ते त्याने सहन केलं. मग त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ह्यात सिमिट भरलाय."

"काढते, बाबा."

"माझ्या गडग्यात सिमिट? वाडीत तोंड दाखवू कसा?"

दुसऱ्या चित्रात सिमेंट गेलं, पण भागोजीने तोंड हे एवढं वासलं होतं.

"असं कशाला केलंय?"

"तोंड उघडं असलं की लोक दाबतात."

"लग्न झाल्यापासून एवढं उघडलेलं मी बघितलं नाय," काशी सुपातून म्हणाली.

भागोजीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो बोटाने दगड मोजत होता. "सांध्यावर सांधा आलाय. हितं, आणि हितं. खालच्या दोन दगडांच्या फटीवर वरचा दगड मधोमध बसला पायजे. नायतर पहिल्याच पावसात फुगंल. चुकीचा सांधा माझ्या नावावर जायचा नाय. एक पण नाय."

नम्रताने सात चित्रं काढली. यंत्र एक सांधा सुधारायचं आणि दुसरीकडे दोन बिघडवायचं. शेवटी बाप गुरांना पाणी दाखवायला गेला तेव्हा तिने सातवं लावून टाकलं आणि माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. मी चष्मा नसल्याचा फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथेच होतो, काशी सुपासकट. फोन वाजला. नम्रताने स्पीकर लावला.

"नमे, ह्यो गडगा कुणी रचला?" अनिल ओरडतच होता. "डावीकडं बघ, सांध्यावर सांधा! बाबांनी रचलाय म्हणून लिवलंस? बाबांचं डोळं गेलं काय?"

"दादा, ते चित्र एआयने काढलंय. व्हिडिओत—"

"व्हिडिओत बरोबर हाय. दोनदा बघितला. बाबा कुठं हायत?"

भागोजीने एकदा लेकीकडे रागाने पाहिलं आणि मोबाइल दोन्ही हातांत धरला, दगडाचं वजन घ्यावं तसा.

"बाबा, कोपऱ्याचा लांब दगड तुमी एकदा आडवा घातला, एकदा उभा. का?"

"एक थर ह्या भिंतीचा, पुढचा त्या भिंतीचा. दोघींनी एकमेकींना धरलं पायजे ना."

"आणि मध्ये पोकळ राहिलं तर?"

"तर बारका दगड. पण ठोकायचा नाय. बसवायचा."

वीस मिनिटं हेच चाललं. दोघांपैकी कुणीही जेवणाचा विषय काढला नाही. काशीचं सूप केव्हाच थांबलं होतं. "मे महिन्यात सुट्टी मिळते काय बघतो," अनिल शेवटी म्हणाला, आणि या वेळचं "बघतो" जरा निराळं वाटलं.

भागोजीने मोबाइल खाली ठेवला, पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. आता लेकीला बोल बसणार, नाहीतर हा काहीतरी मोठं बोलणार, म्हणून मीही सावरून बसलो.

"नमू," तो हळूच म्हणाला, "पुढच्या चित्रात पण एखादा सांधा चुकव. बारकासा."